ऑनलाइन वर्गात स्क्रीन शेअर केली की मुलं हरवतात, काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नववी-दहावीला विज्ञान ऑनलाइन शिकवता, रात्री जागून स्लाइड्स बनवता, पण स्क्रीन शेअर केली की पाच मिनिटांत वर्ग थंड पडतो. "दिसतंय का?" विचारलं की दोघं-तिघं हो म्हणतात, बाकी शांत. व्हिडिओ लावला की अडकतो. नोट्स आधी पाठवल्या तर मुलं तासाला येत नाहीत, नंतर पाठवल्या तर कोणी उघडत नाही. आणि शेवटी विचारलंय की यासाठी चांगलं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ.

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकते, जे आहे तेच ठेवा. मी २०२० पासून भौतिकशास्त्र आणि गणित ऑनलाइन शिकवते, झूम, गूगल मीट, टीम्स तिन्ही वापरून झालंय, बटणं इकडची तिकडे असतात एवढाच फरक, आणि ज्याच्यावर तुमचा हात बसलाय ते सोडून नवीन शिकण्यात महिना जाईल. तुमची अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. फळ्यासमोर उभं राहून आपण "हे बघा" म्हणतो ना, तेव्हा बोट तिकडे असतं, मान वळलेली असते, खडू दोनदा फळ्यावर आपटतो, मुलाला कुठे बघायचं हे विचारावं लागत नाही. ऑनलाइन हे सगळं जातं आणि त्याच्या जागी उरतो एक नखाएवढा बाण. तो बाण आपल्याला दिसतो कारण तो आपणच हलवतोय. समोरच्याला तो शोधावा लागतो, आणि त्याला सापडेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो.

हे मला कळलं ते एका वहीच्या पानावरून. सुरुवातीच्या महिन्यांत बहिर्गोल भिंग शिकवत होते, स्लाइडवर सुंदर आकृती, भिंगाच्या दोन्ही बाजूंना नाभी म्हणजे फोकस, एफ वन डावीकडे, एफ टू उजवीकडे. मी म्हणत होते की हा किरण अक्षाला समांतर येतो, इथे वाकतो आणि इथून जातो, हा दुसरा मधून सरळ निघून जातो, दोघं भेटतात तिथे प्रतिमा. तास संपल्यावर एका मुलीने वहीचा फोटो पाठवला. पट्टीने काढलेली, रेषा न रेषा स्वच्छ, नावं सुबक अक्षरात, पण समांतर किरण भिंगापर्यंत जाऊन वळून परत एफ वनकडे आणलेला, म्हणजे ज्या बाजूला वस्तू आहे त्याच बाजूला. तिला फोन केला, म्हटलं हे असं का काढलंस, तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही 'इथून जातो' म्हणालात तेव्हा बाण इकडेच होता." आणि ती बरोबर होती. आवाज आणि शेअर केलेली स्क्रीन हे दोन वेगळे प्रवाह असतात, नेट कमकुवत असलं की आवाज आधी पोचतो आणि चित्र मागून येतं. माझा शब्द तिच्या कानात पडला तेव्हा तिच्या स्क्रीनवरचा बाण अजून डावीकडेच उभा होता. हुशार मुलगी, लक्ष देऊन ऐकणारी, म्हणूनच तिने ते तसं काढलं, लक्ष न देणाऱ्याने स्लाइडवरून नुसतं उतरवून घेतलं असतं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट सुरू केली आणि आजही सोडलेली नाही. स्वतःच्या वर्गात मी फोनवरून दुसऱ्या नावाने हजर असते. फोन म्यूट, स्पीकर पूर्ण बंद, नाहीतर आवाज घुमतो, आणि तो लॅपटॉपच्या शेजारी उभा करून ठेवायचा. वायफायवर नाही, मोबाइल डेटावर, कारण मुलं तशीच बघत असतात. आता "दिसतंय का?" हा प्रश्नच विचारावा लागत नाही, मला दिसतंय. स्लाइड बदलल्यावर फोनवर ती किती वेळाने बदलते तेवढं थांबायचं आणि मग बोलायचं. या एका सवयीने माझा बोलण्याचा वेग आपोआप उतरला. बाकी काही नाही केलंत तरी उद्या हे नक्की करा.

आता काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत, त्या मला इथे बसून सांगता येणार नाहीत. वर्ग १५ जणांचा असेल तर नावाने हाक मारून चालतं, ८० जणांचा असेल तर चॅट आणि पोलशिवाय गत्यंतर नाही. मुलं फोनवर बघतायत की लॅपटॉपवर, हे पहिल्याच तासाला हात वर करायला लावून मोजा, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावर ठरतात. विषयानेही फरक पडतो, इतिहासाच्या तासाला नकाशा दहा मिनिटं स्क्रीनवर राहिला तर चालतं, गणितात दहा मिनिटं एकच स्लाइड म्हणजे मुलं गेली. मी फोनवर बघणारी ४०-५० मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय, तुमचा वर्ग वेगळा असेल तर तेवढं बदलून घ्या.

फोनचा हिशोब एकदा करून बघा, मला तो केल्यावर धक्का बसला होता. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड जवळजवळ ३४ सेंटिमीटर रुंद असते. मुलाने फोन उभा धरला असेल तर तीच स्लाइड ७ सेंटिमीटरच्या आसपास रुंदीत बसते, म्हणजे पाचवा हिस्सा. तुम्ही २४ पॉइंटचं अक्षर टाकलंत, तुम्हाला ते ठसठशीत वाटतंय, मुलाच्या हातात ते ५ पॉइंटचं होतं. छापील पुस्तकातलं अक्षर साधारण १० ते १२ पॉइंटचं असतं, म्हणजे त्याच्या निम्मंच. फोन आडवा धरला तर स्लाइड १२ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि तेच अक्षर साडेआठच्या जवळ येतं, म्हणून तासाच्या सुरुवातीला "फोन आडवे करा" हे मी न चुकता म्हणते. पण सगळे करत नाहीत, म्हणून माझ्या स्लाइडवर ३६ च्या खाली मजकूर नाही आणि आकृतीतल्या नावांनाही २८ च्या खाली जाऊ देत नाही. एवढ्या मोठ्या अक्षरात स्लाइडवर पाच-सहा ओळींच्या वर मावतच नाही, आणि ते चांगलंच आहे.

मराठीत शिकवत असाल तर अजून एक. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली बारीक बारीक खुणा असतात, नेट मंदावून चित्र पुसट झालं की पहिला बळी अनुस्वार, रफार आणि उकारांचा जातो. "तरंग"चं "तरग" वाचलेली मुलं मी पाहिलीयत. बारीक रेषेचे नाजूक फॉन्ट टाळा, जाडसर घ्या, दोन ओळींमध्ये अंतर जास्त सोडा. आणि मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर तसाच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप केलेला असू दे, जुन्या फॉन्टमधला मजकूर चॅटमध्ये चिकटवला की त्याची अक्षरं राहत नाहीत, नुसती चिन्हं होतात.

आता बोटाचं. बाण विसरून जा असं मी म्हणत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. पहिली सवय तोंडाची आहे, "हे", "इथे", "तो" हे शब्द ऑनलाइन तासातून हद्दपार करायचे. "इथून वाकतो" ऐवजी "भिंगाच्या उजव्या बाजूला, एफ टूमधून जातो" असं म्हणायचं. मग चित्र दोन सेकंद मागे असलं तरी वाक्य चुकत नाही, आणि ज्याचं चित्र पूर्ण अडकलंय तोही निदान कानाने सोबत राहतो. सुरुवातीला फार जड जातं, जीभ सारखी "इथे"वर जाते, मला महिनाभर लागला. आकृतीतल्या प्रत्येक भागाला नाव किंवा आकडा दिला की सोपं होतं, किरण एक, किरण दोन. नुसत्या रंगावरही जाऊ नका, "लाल रेषा बघा" म्हटलं तर ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही त्यांचं काय, म्हणून रंग ठेवा पण सोबत नाव हवंच.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लाइडवर सगळं एकदम ठेवायचं नाही. पूर्ण आकृती समोर आली की मुलाची नजर भटकते, तुम्ही किरण एकवर असता आणि तो प्रतिमेवर पोचलेला असतो. मी तीच आकृती आता पाच स्लाइड्सवर करते. पहिलीवर फक्त भिंग आणि अक्ष. दुसरीवर दोन नाभी येतात. तिसरीवर वस्तू, चौथीवर पहिला किरण, पाचवीवर दुसरा आणि प्रतिमा. उडत फिरत येणारं ॲनिमेशन नको, स्लाइडची नक्कल करायची आणि एक वस्तू वाढवायची, बस. जे नवीन आलं तिकडेच डोळा जातो, म्हणजे बोटाचं काम झालं. ॲनिमेशन नको म्हणण्याला कारण आहे, स्क्रीन शेअर म्हणजे शेवटी व्हिडिओच असतो आणि त्यात मुख्यतः बदललेला भाग पाठवला जातो. स्थिर स्लाइडला जवळजवळ काहीच लागत नाही. उडती अक्षरं, भराभर स्क्रोल, माउस गोल गोल फिरवणं या सगळ्याने प्रत्येक क्षणी चित्र बदलतं, आणि कमकुवत नेटवर ते धूसर होऊन हळूहळू साफ होतं. पीडीएफ स्क्रोल करत शिकवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते की पान-पान उडी मारत जा, सरकवत जाऊ नका.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, ते म्हणजे हाताने लिहिणं. गणितात तयार सोडवलेलं उदाहरण स्लाइडवर दाखवणं मी पूर्ण बंद केलंय. लिहिताना जी ओळ उमटतेय तिथेच सगळ्यांचे डोळे असतात, आणि माझा लिहिण्याचा वेग मुलांच्या लिहिण्याच्या वेगाशी जुळतो, त्यामुळे ती सोबत उतरवू शकतात. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या चार कोर्सेसचा एक मोठा अभ्यास आला होता, ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेल्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या, त्यात नुसत्या स्लाइड्सपेक्षा टॅबलेटवर हाताने लिहीत शिकवलेल्या व्हिडिओंमध्ये मुलं जास्त रमलेली दिसली. तो अभ्यास रेकॉर्डेड व्हिडिओंचा आहे, थेट तासाचा नाही, पण माझा अनुभव तसाच आहे.

टॅबलेट नसेल तर अडून बसू नका. फोन पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये आडव्या पट्टीवर ठेवा, कॅमेरा खाली, त्याखाली कोरा कागद, आणि जाड स्केच पेन घ्या, बॉलपेन अजिबात नको, ते दिसत नाही. उजेड लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने यायला हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्या ओळीवर पडते. फोनवर स्क्रीनला बोट दाबून धरून फोकस लॉक करा, नाहीतर हात हलला की कॅमेरा दरवेळी नव्याने फोकस शोधत बसतो आणि मुलांना दोन सेकंद धुकं दिसतं. आणि कागदाच्या चार कोपऱ्यांना टेबलावर चिकटपट्टी लावा, सरकलेला कागद सरळ करण्यात अर्धा तास गेलेला मी अनुभवलाय. या रचनेत खरंखुरं बोटही दिसतं, हे लक्षात घ्या.

स्लाइडवर वाक्यं लिहून तीच वाचून दाखवणं, याबद्दल थोडं कडक बोलते. रिचर्ड मेयर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी यावर बरेच प्रयोग केलेत, चित्र आणि बोलणं एवढंच दिलं तर शिकणाऱ्याला जास्त समजतं, त्यावर तोच मजकूर पुन्हा पडद्यावर टाकला तर उलट समज कमी होते. आपण वाचायचा एक वेग आणि मुलाचा दुसरा, त्याचे डोळे पुढे पळतात, कान मागे राहतात आणि धड काहीच होत नाही. व्याख्या दाखवायचीच असेल तर दाखवा आणि गप्प बसा, "वाचा, मी १५ सेकंद थांबते" म्हणा, मग त्यातला एक शब्द उचलून बोला. मुलं खरंच वाचतात.

तांत्रिक गोष्टी भराभर सांगते. पूर्ण स्क्रीन शेअर करू नका, फक्त ती खिडकी शेअर करा, म्हणजे मेसेजचे पॉपअप दिसत नाहीत आणि तुमची बाकी स्क्रीन तुमचीच राहते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शोच्या सेटअपमध्ये शो खिडकीत चालवायचा पर्याय आहे, तो निवडलात की स्लाइड अर्ध्या स्क्रीनवर आणि चॅट शेजारी उघडी ठेवता येते, एका मॉनिटरवर शिकवणाऱ्यांसाठी हा पर्याय सोन्यासारखा आहे. शो चालू असताना स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबला की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, मागे मागे जात सगळ्यांना गरगरवायची गरज नाही. बी दाबलं की स्क्रीन काळी होते, पुन्हा दाबलं की परत येते. हे मी फार वापरते, कारण काळी स्क्रीन झाली की मुलं ऐकायला लागतात. ब्राउझरमधलं काही दाखवत असाल तर कंट्रोल आणि प्लस दाबून दीडपट-दुप्पट मोठं करूनच दाखवा.

आणि शेअर बंद करा. सतत तासभर शेअर चालू ठेवणं हे तुमच्या वर्ग थंड पडण्याचं एक मोठं कारण असणार. शेअर चालू असताना फोनवर तुमचा चेहरा एका कोपऱ्यात बोराएवढा होतो किंवा दिसतच नाही, आणि तुम्हालाही मुलं दिसत नाहीत. मी आठ-दहा मिनिटांनी शेअर बंद करते, चेहरा पूर्ण स्क्रीनवर येतो, दोन मिनिटं नुसतं बोलते, एखादा प्रश्न विचारते, मग पुन्हा शेअर. तेवढ्याने वर्गात हवा खेळते.

नेट आणि डेटाचं बघू. झूमने स्वतः दिलेले आकडे आहेत, कॅमेऱ्याशिवाय नुसत्या स्क्रीन शेअरला ५० ते ७५ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतं, आवाजाला ६० ते ८०, आणि ७२०पीच्या, म्हणजे एचडी, ग्रुप व्हिडिओला बघणाऱ्याच्या बाजूने १.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). तासाचा हिशोब केला तर स्लाइड आणि आवाज मिळून ७० एमबीच्या आत, आणि तसा व्हिडिओ चालू असेल तर ८०० एमबीच्या पुढे. म्हणून ज्यांचं नेट किंवा डेटा कमी आहे त्यांनी कॅमेरा बंद ठेवला तर त्यांना ओरडू नका, लिहीत असताना स्वतःचाही कॅमेरा बंद करा. पैसे खर्च करायचेच असतील तर ते माइकवर करा. चित्र थोडं पुसट असलं तरी मुलं सांभाळून घेतात, खरखरणारा आवाज मात्र वीस मिनिटांच्या वर कोणाला सोसत नाही. साधा वायरचा हेडफोन माइकसुद्धा लॅपटॉपच्या माइकपेक्षा खूप बरा असतो.

व्हिडिओ अडकतो त्याचं कारण असं की स्क्रीन शेअर अक्षरं स्पष्ट दिसावीत यासाठी बनवलेलं असतं, त्यात सेकंदाला कमी चित्रं जातात, आणि व्हिडिओला नेमकं उलट हवं असतं. झूममध्ये शेअर करतानाच आवाज शेअर करा आणि व्हिडिओसाठी ऑप्टिमाइझ करा अशा दोन खुणा असतात, त्या करायच्या, आणि व्हिडिओ संपल्यावर ऑप्टिमाइझची खूण काढायची नाहीतर पुढच्या स्लाइड्स धुरकट दिसतात. मीटमध्ये खिडकी नको, टॅब शेअर करा, तर आवाजासकट नीट जातं. पण खरं सांगू का, मी आता व्हिडिओ शेअरच करत नाही. लिंक चॅटमध्ये टाकते आणि म्हणते, "एक मिनिट वीसपासून चार मिनिटांपर्यंत बघा, दोलक मधे असताना वेग किती आहे ते शोधा, आणि बघून झालं की चॅटमध्ये 'झालं' लिहा." प्रत्येकाकडे तो त्याच्या नेटच्या वेगाने चालतो, न समजल्यास मागे नेता येतो, आणि शोधायला काहीतरी दिलेलं असल्यामुळे नुसतं बघणं होत नाही.

आता शांततेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त वाईट तिथे वाटलं. "समजलं का?" विचारून आपण थांबतो, कोणी बोलत नाही, आणि आपल्याला वाटतं यांना काही पडलेलीच नाही. पण त्या बाजूला काय चाललंय बघा. तुमचा प्रश्न पोचायला वेळ, मुलाने विचार करायला वेळ, अनम्यूटचं बटण शोधायला वेळ, त्यात घरात कोणी बोलतंय का याचा अंदाज, दुसरा कोणी आधी बोलेल का ही धास्ती, आणि मग त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला पुन्हा वेळ. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला १५० मिलिसेकंदांच्या वर लागले की संभाषणात अडखळायला सुरुवात होते आणि ४०० च्या वर तर चालवूनच घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते, आणि खराब नेटवर आपण सहज तिथे पोचतो. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायला लागतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. ते समोरासमोरच्या वर्गात. ऑनलाइन मी मनात दहा आकडे मोजते, पाण्याचा घोट घेते, काहीही करते पण तोंड उघडत नाही. सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी बोलतंच.

आणि प्रश्न बदला. "समजलं का" याला हो शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी "वस्तू एफ वनच्या आत आणली तर प्रतिमा कुठे जाईल, डावीकडे की उजवीकडे, चॅटमध्ये 'डा' किंवा 'उ' टाइप करा, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबू नका." सगळ्यांनी टाइप केलं की "आता" म्हणायचं, आणि चॅटमध्ये एकदम ४० उत्तरं पडतात, कोणी कोणाचं बघून लिहीत नाही, आणि तुम्हाला एका नजरेत वर्ग कळतो. निम्मे चुकलेत म्हणजे पुन्हा शिकवा, तीन-चारच चुकलेत तर पुढे जा आणि त्यांना नंतर गाठा. चुकलेल्याचं नाव मोठ्याने घेऊ नका, एकदा घेतलंत तर तो पुन्हा टाइप करणार नाही.

म्हणजे आत्तापर्यंत काय झालं तर फोनवरून स्वतःचा तास बघायचा, जागा शब्दांनी सांगायची, एकावेळी एकच नवीन वस्तू, जमेल तिथे हाताने लिहायचं, मधेमधे शेअर बंद, आणि असा प्रश्न ज्याचं उत्तर एका अक्षरात देता येईल. आता नोट्स.

आधी की नंतर, हा तुमचा पेच मीही भोगलाय. मी दोन्ही करते पण दोन वेगळ्या गोष्टी पाठवते. आदल्या संध्याकाळी एक पानाची पीडीएफ जाते, फक्त सांगाडा. आकृती आहे पण किरण नाहीत, व्याख्या आहे पण मधले दोन-तीन शब्द रिकामे, उदाहरण आहे पण पायऱ्यांच्या जागी ओळी. हे पान असलं की मुलाला तासाला यायचं कारण मिळतं, कारण पान अर्धवट आहे, आणि तासात हात चालू राहतो, आणि मधेच नेट गेलं तरी आपण कुठे आहोत हे त्याला कागदावर कळतं. प्रिंट नसेल तर वहीत उतरवून ठेवायला सांगते. तासानंतर त्याच दिवशी, तासात भरलेली पानं जशीच्या तशी पाठवते, माझ्या खाडाखोडीसकट. पूर्ण स्लाइड्स मात्र पाठवत नाही, त्यात माझ्या बोलण्याशिवाय फारसं काही नसतं, आणि वाचून समजेल अशी स्लाइड बनवायला गेलो की ती दाखवायला बिघडते.

सगळं एकाच ठिकाणी ठेवा, एक फोल्डर, एकच लिंक, वर्षभर बदलायची नाही. चॅटमध्ये टाकलेल्या फाइलवर विसंबू नका, उशिरा आलेल्याला आधीची चॅट बऱ्याचदा दिसत नाही आणि तास संपला की ती हरवते. फाइलच्या नावात आधी आकडा, मग धडा, "०७ भिंग सांगाडा", "०७ भिंग भरलेलं", म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप रांगेत बसतात. फोनने काढलेले फोटो तसेच पीडीएफमध्ये घातले तर फाइल अवाढव्य होते, स्कॅनर ॲपने काढा किंवा आकार कमी करा, एवढ्याशा कष्टाने डेटा कमी असलेलं मूल फाइल उघडू शकतं. आणि लिंक पाठवायच्या आधी ती इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा, तुमच्या लॉगिनमध्ये तर ती उघडणारच, बाहेरच्याला उघडते का ते महत्त्वाचं, नाहीतर ऐन तासात परवानगीच्या विनंत्यांचे ४० मेल येऊन पडतात. प्रत्येकाला आपापली प्रत भरायला द्यायची असेल तर गूगल डॉकच्या लिंकच्या शेवटी जो एडिट शब्द असतो तिथून पुढचं खोडून कॉपी लिहा, उघडताच ज्याची त्याची वेगळी प्रत बनते. सगळ्यांनी मिळून एकाच डॉकमध्ये लिहायचं असेल तर कोणीतरी एकदा सगळं पुसणार हे धरून चाला आणि रागावू नका, व्हर्जन हिस्टरीतून परत आणता येतं.

रेकॉर्डिंगचं विचारलं नाहीत पण पुढे मुलं मागतीलच. अख्खा तासभराचा व्हिडिओ परत बघणारं मूल मला फार क्वचित भेटलंय. मी वर सांगितलेल्या त्याच एडएक्सच्या अभ्यासात सहा मिनिटांच्या पुढे मुलांचा टिकाव कमी झालेला दिसतो. म्हणून तासातला जो भाग अवघड गेला, जिथे चॅटमधली निम्मी उत्तरं चुकली, तेवढाच पाच-सहा मिनिटांचा कागदावर लिहीत पुन्हा रेकॉर्ड करते आणि फोल्डरमध्ये टाकते. ते बघितलं जातं.

शेवटची तीन मिनिटं मी वहीसाठी ठेवते. आज भरलेल्या पानाचा फोटो काढून पाठवा, हजेरी त्यावरच. सगळे फोटो बघायला मला अर्धा तास लागतो, रोज नाही जमलं तर दहा-बारा तरी बघते, दरवेळी वेगळ्या मुलांचे. आपण काय शिकवलं ते स्लाइडवर असतं, काय पोचलं ते त्या फोटोत दिसतं. दुसऱ्या दिवशीचा तास मी तिथूनच सुरू करते, नाव न घेता एखादं पान स्क्रीनवर मोठं करून, "किरण दोन बघा, भिंगाच्या मध्यातून जाताना तो वाकलाय, तो वाकायला हवा का?" असं विचारते आणि दहा आकडे मोजते.